‘होतंय की ओ मॅडम’चं काय करायचं?

नमस्कार सर,

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. साखर कारखान्यांसाठी ज्यूस हीटर, टाक्या, पाइपिंग अशी कामं आम्ही करतो. गेल्या हंगामात एका कारखान्याचा हीटर आम्ही तीन आठवडे उशिरा दिला. त्यांच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं तरी आमचा ट्रेलर शेडमध्येच उभा होता. मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाकडे जाऊन विचारते. उत्तर ठरलेलं : ‘होतंय की ओ मॅडम.’ एक्सेलमध्ये दीड महिना सगळं ९० टक्के दिसत होतं. ट्यूबप्लेटचं (हीटरच्या नळ्या जिच्या भोकांत बसतात त्या प्लेटचं) ड्रिलिंग आम्ही बाहेर जॉबवर्कला देतो. तिथल्या मशीनवर दुसऱ्याच पार्टीचा जॉब चढलाय, हे मला दहा दिवसांनी कळलं. मालाचं डिलिव्हरी चलन घेऊन जाणाऱ्या आमच्या पोरानं ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्यात एका टाकीचं नोझल जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉईंगप्रमाणे भलत्याच बाजूला लागलं. कितीतरी वेल्डर ऐनवेळी बाहेरून आणले, तरी काम पुढे सरकेना. व्हॉट्सअ‍ॅपचे आठ ग्रुप आहेत. मालक म्हणतात, ‘तुझा फॉलोअप कमी पडतो.’

दिवाळीत माहेरी साताऱ्याला गेले, तर भाऊ हेच रडगाणं गात होता. तो एका बिल्डरकडे साइट इंजिनियर आहे. नणंद मिरजेला हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे, तिचंही तेच. मग दोष आमच्यात आहे, की सगळीकडे असंच चालतं? मी पीएमपीचा (प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राचा) कोर्स करावा, मालकांना सॉफ्टवेअर घ्यायला लावावं, की सरळ नोकरी बदलावी?

— एक वाचक, कुपवाड

ताई,

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे निघून गेलात. मशीनवर दुसऱ्याचा जॉब चढलाय हे चलन घेऊन गेलेल्या पोरानं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. म्हणजे हीटरला उशीर होणार हे तुमच्या युनिटला पहिल्याच दिवशी माहीत होतं. फक्त ते ज्याला माहीत होतं तो बोलला नाही, आणि जिला हवं होतं तिनं त्याला विचारलं नाही. तुम्ही विचारलंत ते ड्रिलिंगवाल्याला, सुपरवायझरला, परचेसला. त्या पोराला कोण विचारणार?

आता त्याच्या जागी उभं राहून बघा. त्यानं येऊन सांगितलं असतं, तर पहिलं वाक्य काय ऐकायला मिळालं असतं? ‘मग तू तिथं काय करत होतास?’ हे तुमच्याच शेडमध्ये म्हणतात असं नाही. शिरोलीपासून शिरवळपर्यंत कुठल्याही कारखान्यात जा, वाईट बातमी आणणारा आधी झापला जातो आणि बातमी नंतर ऐकली जाते. एकदा झापलेला माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही, तो ‘होतंय की’ म्हणतो. त्यामुळे तुम्ही दिवसातून चार वेळा विचारलंत तर तेच उत्तर चार वेळा मिळेल. फॉलोअप वाढवून यातलं काही सुटणार नाही, हे मालकांना सांगायला लागेल. कसं सांगायचं ते पुढे लिहितो.

आधी त्या ९० टक्क्यांचं. हा आकडा तुमच्या शीटवरून कायमचा काढून टाका. वेल्डरला विचारलं ‘किती झालं?’ तर तो डोळ्यांनी अंदाज करतो आणि समोरच्याला बरं वाटेल तो आकडा देतो. त्यात खोटेपणा नसतो. प्रश्नच तसा आहे. तुम्ही सांगली भागातल्या आहात म्हणून एक दाखला देतो. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की ‘पूर किती टक्के आलाय?’ असं कोणी विचारतं का? विचारतात ते ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी. वरच्या बाजूला कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी यांचे आकडे येतात, मग आयर्विनचा. मोजायची जागा ठरलेली, मोजपट्टी ठरलेली. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. आणि मुख्य म्हणजे त्या आकड्याला काय करायचं हेही घराघरात ठरलेलं. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसाला आपला आकडा पाठ असतो; त्या आकड्याला सामान वर जातं आणि म्हातारी माणसं पाहुण्यांकडे जातात. त्यावर घरात वाद होत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा सगळ्यांचे हिशेब चुकले, ते वेगळं. पण एरवी ही पद्धत चालते, कारण आकडा कोणाच्या मूडवर अवलंबून नाही.

तुमच्या हीटरलाही अशा मोजायच्या जागा आहेत. ड्रॉईंग सही होऊन आलं का? प्लेट गेटमधून आत आली का? ट्यूबप्लेट मशीनवर चढली का, म्हणजे दिली का नव्हे, चढली का? किती ट्यूब एक्सपांड झाल्या (भोकात फुगवून घट्ट बसल्या), किती राहिल्या? हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पास झाली का? या प्रत्येकाचं उत्तर हो, नाही किंवा मोजलेला आकडा एवढंच असतं. ‘होतंय’ला तिथं जागाच नाही. प्रत्येक टप्प्यापुढे एक तारीख लिहा आणि ती हुकली तर काय करायचं तेही ऑर्डर हातात आली त्याच दिवशी लिहून ठेवा. ट्यूबप्लेट अमुक तारखेपर्यंत मशीनवर चढली नाही तर ती उचलून दुसऱ्या ड्रिलिंगवाल्याकडे न्यायची, दोन पैसे जास्त गेले तरी. हा निर्णय गळ्याशी आल्यावर घ्यायचा म्हटलं तर मालक त्या जुन्या ड्रिलिंगवाल्याचे संबंध, उधारी, त्याच्या मुलीचं लग्न, सगळं आठवत बसतील. आधी घेतलेला निर्णय थंड डोक्याचा असतो.

आणि सगळीकडे सारखं फिरणं बंद करा. सपोर्ट, शिडी, रंगकाम हे चार दिवस मागेपुढे झालं तर हीटरचं काही बिघडत नाही. ड्रॉईंगची सही, प्लेट, ट्यूबप्लेटचं ड्रिलिंग, ट्यूबिंग, हायड्रो ही साखळी मात्र एक दिवस सरकली की डिस्पॅच एक दिवस सरकतो. कोर्समध्ये यालाच क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५७ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं रेमिंग्टन रँडच्या मदतीनं आपल्या रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी ही रीत बसवली. त्यातला गाभा तेव्हाही एवढाच होता, की कुठल्या कामाला ढील आहे आणि कुठल्याला नाही हे आधी काढायचं, मग ज्याला ढील नाही त्याच्या दारात उभं राहायचं. तुमची पायपीट निम्मी होईल.

ही साखळी मागून मोजा. कारखान्यानं सांगितलेली तारीख बहुधा अग्निप्रदीपनाची असते, कारण तीच सगळ्यांच्या डोक्यात असते, पत्रिका तिचीच छापतात. पण हीटर त्याच्या बराच आधी जागेवर बसायला हवा. पाइपिंग जोडायचं, लॅगिंग (उष्णता टिकवणारं आवरण) करायचं, पाण्यावर ट्रायल घ्यायची. चीफ इंजिनियरांना फोन करून सरळ विचारा, ‘साहेब, फाउंडेशनवर हीटर कधी हवा?’ ती खरी तारीख. मिल रोलरचं पूजन पावसाळ्याच्या तोंडाशी होतं, तेव्हा हा फोन होऊन गेलेला असला पाहिजे.

आता जरा अडचणीचं लिहितो, कारण हे कोर्समध्ये शिकवत नाहीत. आपल्या भागातल्या लहान युनिटांत जे उशीर ‘ड्रॉईंगमुळे’ किंवा ‘मटेरियलमुळे’ म्हणून सांगितले जातात, त्यातले बरेच पैशामुळे झालेले असतात. कारखान्याकडून अ‍ॅडव्हान्स आलेला नसतो, म्हणून प्लेट मागवलेली नसते. मागच्या ऑर्डरचं बिल अडकलेलं असतं, म्हणून जॉबवर्कवाल्याचे पैसे थकलेले असतात, म्हणून तो तुमची ट्यूबप्लेट कोपऱ्यात ठेवून रोख देणाऱ्याचा जॉब मशीनवर चढवतो. हे मालकांना माहीत असतं, ड्रिलिंगवाल्याला माहीत असतं. कोऑर्डिनेटर मॅडमना तेवढं माहीत नसतं, आणि त्या बिचाऱ्या फोन करत बसतात. तुमच्या बाबतीत असंच झालं असं मी म्हणत नाही. पण तपासा. आणि पुढच्या ऑर्डरच्या प्लॅनमध्ये पहिल्याच ओळीत लिहा : अ‍ॅडव्हान्स जमा, जबाबदारी मालक, तारीख अमुक. दुसऱ्या ओळीत : ड्रिलिंगवाल्याची मागची बाकी, जबाबदारी मालक. पहिल्यांदा त्यांच्या कपाळाला आठी पडेल. पडू दे.

ड्रॉईंगच्या सहीचंही तसंच आहे. ती कारखान्याच्या टेबलावर पडून राहते, आणि दिवस तुमच्या खात्यातले जातात. ड्रॉईंग पाठवताना सोबतच्या पत्रात नम्रपणे एक वाक्य घाला, की सही अमुक तारखेपर्यंत मिळाली तर डिस्पॅच अमुक तारखेला, पुढे सही जितके दिवस लांबेल तितके दिवस डिस्पॅच लांबेल. ‘एवढ्या मोठ्या कारखान्याला असं कसं लिहायचं’ म्हणून मालक बिचकतील. पण चीफ इंजिनियरला असं पत्र उलट हवंच असतं. ते दाखवून त्याला वरून सही आणता येते.

आता मीटिंग. तुम्ही मीटिंग घेता का ते लिहिलं नाहीत, पण आठ ग्रुप आहेत म्हणजे मीटिंग नसावी. इथे मला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याची व्यवस्था आठवते. मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण व्याख्यानांतून इतकं दळलंय की ते नको. पालखीची आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी घालून दिली, ते तुमच्या माहेरच्या साताऱ्याजवळच्या आरफळचे. शिंदे सरकारच्या चाकरीत राहिलेला माणूस, त्यामुळे लष्करी शिस्त ठाऊक होती. रथापुढे अमुक, रथामागे अमुक, प्रत्येक दिंडीला नंबर. पण मला त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते ती समाज आरतीची. लोणंद असो, तरडगाव असो की फलटण, पालखी तळावर आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातो, तक्रार ऐकतो, तिचा निवाडा होतो. मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आरती होते.

यात काय काय आहे बघा. रोज, ठरलेल्या वेळी, सगळ्यांसमोर. ज्याचं सगळं ठीक आहे त्यानं फक्त गप्प राहायचं. प्रत्येक दिंडीनं उठून आपण आज किती चाललो याचा अहवाल द्यायचा नाही. बोलायचं फक्त अडलेल्यानं, आणि तक्रार करणं हा तिथं आगाऊपणा समजत नाहीत, तो रिवाजच आहे. लहान दिंडीलाही तो हक्क आहे.

तुम्ही सकाळी शेडमध्ये, उभ्याउभ्या, पंधरा मिनिटं हेच करा. ऑफिसमध्ये खुर्च्या टाकून नको, तिथं चहा येतो आणि मग तास जातो. सुपरवायझर, स्टोअर, परचेस, फिटर, आणि तो चलनवाला पोरगा, तो तर पाहिजेच, कारण तुमच्या गेटबाहेर काय चाललंय ते फक्त त्याला दिसतं. विचारायचं एवढंच : आज काय आलं नाही तर उद्या कोणाचे हात थांबतील? ते कोणाकडून यायचंय? त्यावर तिथल्या तिथे एका माणसाचं नाव. ‘परचेस बघेल’ असं नव्हे, नाव. का झालं, कोणामुळे झालं, हे तिथं काढायचंच नाही. काढायचं असेल तर शनिवारी, बसून. पहिला आठवडा कोणी तोंड उघडणार नाही. मग एक जण काहीतरी बारीक सांगून बघेल, ग्राइंडिंग व्हील संपत आलीत वगैरे. त्या दिवशी त्याला ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा आणि दुपारपर्यंत व्हील आणून द्या. सगळी शेड ते बघत असते.

राहता राहिले मालक. ते ओरडतात म्हणून लोक बोलत नाहीत, असं त्यांना तोंडावर सांगू नका. आपल्याकडे मालक-नोकरांत ते चालत नाही आणि कोणाच्या स्वभावावर बोलून स्वभाव बदलतही नाही. मागच्या हीटरचा हिशेब मांडा. पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) उशिराच्या दंडाचं कलम असेल, त्यात किती कापले गेले. ऐनवेळचा ओव्हरटाइम किती, बाहेरून आणलेल्या वेल्डरांचे किती, उलट लागलेलं नोझल कापून परत लावायला किती. बेरीज कागदावर दाखवा. मग म्हणा, ‘साहेब, हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर यातले बरेच वाचले असते. दोन महिने सकाळची पंधरा मिनिटं तुम्ही फक्त ऐकायचं.’ कुपवाडचा मालक रुपयाचं बोलणं ऐकतो.

त्या बाहेरच्या वेल्डरांबद्दलही त्यांना एक गणित दाखवा. चार माणसांच्या टोळीत आपसात बोलायच्या जोड्या सहा होतात. आठ माणसांत २८, बारा माणसांत ६६. नव्या माणसाला ड्रॉईंग कोण समजावणार? तर जो जुना माणूस काम ओढत होता तोच. म्हणून शेवटच्या आठवड्यात माणसं वाढली की काम आणखी मंदावतं. आणायचीच तर सुरुवातीला आणा.

ड्रॉईंगचं एका ओळीत : नवी रिव्हिजन शेडमध्ये द्यायची ती जुनी प्रत हातात परत घेऊनच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉईंग टाकायचं नाही, कोणीही, मालकांनीसुद्धा. आठ ग्रुपांचे प्रत्येक ऑर्डरला एक असे करा.

तुमच्या भावाचं आणि नणंदेचं दुखणं तुमच्यासारखंच दिसतं, आणि बऱ्याच अंशी आहेही. स्लॅबचं स्टील बांधून झालं, उद्या काँक्रीट, आणि रात्री कळतं की इलेक्ट्रिशियनचे पाइप राहिलेत. बारबेंडरला ते दोन दिवस दिसत होतं. पण बांधकामात एक वेळ अशी असते की ती कोणाच्या बापाला आटवता येत नाही. साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारायचं म्हणजे मारायचं, फ्लाय अ‍ॅश वगैरे मिसळलेल्या सिमेंटला १०. तिथं मीटिंग घेऊन उपयोग नाही. भावानं आपला जीव ग्राहकांच्या बदलांवर लावावा. वीटकाम झाल्यावर ओटा इकडचा तिकडे करा म्हणणाऱ्याला नाही म्हणता येत नसेल, तर किमान त्या बदलानं लागणारे दिवस आणि पैसे लिहून सही घ्यावी, मगच हातोडा चालवावा.

नणंदेच्या हॉस्पिटलात डिस्चार्जला संध्याकाळ होत असणार, अशी माझी अटकळ. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘घरी सोडा’ लिहितात, आणि मग फाइल औषधांचा हिशेब, लॅब, बिलिंग, विमा किंवा जनआरोग्य योजनेची मंजुरी असा प्रवास एकामागून एक सुरू करते. उद्या कोण जाणार हे आदल्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टरला नव्वद टक्के ठाऊक असतं. (इथं नव्वद टक्के चालतात.) ती यादी संध्याकाळीच बिलिंगला गेली तर निम्मं काम रात्रीत उरकतं. दवाखान्याच्या क्षेत्रात एक चांगलं उदाहरण आधीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. वरवर पोरकट वाटतो. पण एकदा तोंड उघडून नाव सांगितलेली सिस्टर पुढे काही चुकतंय असं दिसलं तर बोलायला धजते. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. नणंदेला विचारा, त्यांच्याकडे ती यादी वाचली जाते की नुसत्या टिका मारल्या जातात.

आता तुमचे तीन प्रश्न. सॉफ्टवेअर : आत्ता नको. ‘होतंय की’ संगणकात भरलं तरी ते ‘होतंय की’च राहतं, फक्त त्याला रंगीत पट्ट्या लागतात. एक पांढरा फळा आणा, शेडच्या दारात लावा, वर्षभर तो चालला तर मग बघू. पीएमपी : तुमच्या स्वतःसाठी चांगली गोष्ट आहे, पुढे पुण्याला जायचं मनात असेल तर जास्तच. पदवीधराला ३६ महिन्यांचा प्रकल्पाचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, ते तपासून फी भरा. पण या हंगामातला हीटर त्यानं वेळेवर जाणार नाही. नोकरी : पुढच्या हंगामातली एक ऑर्डर वर लिहिल्याप्रमाणे काढून बघा. मालक पंधरा मिनिटंसुद्धा गप्प बसू शकले नाहीत, तर मला परत लिहा, मग आपण अर्जाचा मसुदाच करू.

हे उत्तर मालकांना दाखवायला हरकत नाही. पगाराबद्दल तुम्ही जे लिहिलं होतंत तेवढं मी छापलेलं नाही.